देवीलालची तार

शेवटची एसटी गेली आणि फाट्यावरची दुकानं एकेक करून बंद झाली. उघडं राहिलं ते उकंडाचं पंक्चरचं दुकान. दुकान कसलं, चार टिनपत्रे, एक हवेचा पंप आणि दारात पेटवलेली शेकोटी. घर दुकानाच्या मागेच असल्यामुळे म्हाताऱ्याला उठायची घाई नव्हती.

तेवढ्यात दोन पोरं एक जुनी गाडी ढकलत आली. राजदीप आणि त्याचा चुलतभाऊ धम्मरत्न. राजदीपची बहीण दीपा परीक्षेसाठी उमरखेडला गेली होती आणि हॉल तिकीट घरीच आरशामागे विसरली होती. पेपर सकाळी आठला. तिकीट पोचवायला निघालेली ही स्वारी अर्ध्या वाटेत अडली होती.

"काका, वीतभर तार आहे काय?" राजदीपनं विचारलं.

"कायले?"

"मागच्या ब्रेकची पिन पडली कोठीतरी. तारीनं बांधून घेतो. उमरखेडपर्यंत गेलो म्हंजे झालं."

उकंडाच्या डोक्यावरच खिळ्याला तारेचं भेंडोळं टांगलेलं होतं. त्यानं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा पोरांकडे.

"तार आहे. देत नाही."

"काहून जी?"

"पिन देतो. पन डब्यात शोधा लागन, मह्या डोळ्याले रातीचं दिसत नाही. तवरक बसा. एक गोष्ट सांगतो. भुताची आहे, आन् खरी आहे. ज्याच्यावर बेतली तो मह्या दुकानात येऊन बसत जाये."

पोरांनी एकमेकांकडे पाहून डोळे मिचकावले. म्हातारा आता अर्धा तास खाणार. पण थंडी बोचत होती आणि शेकोटी बरी वाटत होती. ती बसली. उकंडानं पिनांचा डबा मांडीवर घेतला आणि बोटांनी चाचपत सांगायला लागला.

देवीलालचा तांडा आर्णीच्या बाजूला. कापूस आणि तुरीची चार एकर शेती, पण माणसाचा जीव रमायचा तो गाड्यांत. त्याच्या हाताला यश होतं आणि जिभेला गर्व. सायलेन्सरला भोक पडलं की तो तेलाच्या डब्याचा पत्रा कापून गुंडाळायचा आणि तारेनं आवळायचा. सीट फाटली तर खताच्या पोत्याची खोळ. स्टँडची स्प्रिंग गेली तर ट्यूबचं रबर. आर्णीचा मिस्त्री म्हणायचा, "बदलावं लागते." देवीलाल म्हणायचा, "बांधता येते." आणि खरोखरच बांधून द्यायचा. तांड्यातल्या पोरांनी तर म्हणच करून टाकली होती: देवीलालची तार, दहा वर्षं पार.

त्याच्या दोन करामती पंचक्रोशीत गाजलेल्या. पहिली म्हणजे बटन. घराच्या दारावर बेलचं बटन असतं ना, तसलं एक बटन तो हँडलला रबरानं बांधून द्यायचा. उतार आला की ते दाबायचं, गाडी बंद. मग गाडी आपली आपण खाली जाते, पेट्रोलचा थेंब न पिता. खाली पोचलं की गिअर टाकून क्लच सोडायचा, पुन्हा चालू. गाडी बंद झाली की दिवाही बंद होतो, पण रोजचा रस्ता माणसाला पाठ असतो, दिवा कशाला लागतो?

दुसरी करामत पुढच्या ब्रेकची. आपल्याकडे पोरगं गाडी शिकायला लागलं की पहिला धडा हाच, पुढच्या ब्रेकला हात लावू नको, तोंडावर पडशील. त्यामुळे पुढचा ब्रेक कोणी वापरतच नाही. मग तो ठेवायचा कशाला? कोणाच्या क्लचची केबल तुटली की देवीलाल पुढच्या ब्रेकची केबल काढायचा, मापात कापायचा आणि क्लचला लावायचा. बिनकामाची वस्तू कामाला लागली म्हणून लोक खूश.

आता हिशेब तुम्हीच करा. पुढचा ब्रेक नाही. उतारावर इंजिन बंद, म्हणजे गाडीला इंजिनचाही अडसर नाही. सगळा भार मागच्या एका ब्रेकवर. आणि त्या ब्रेकचा रॉड पायडलीला जोडून ठेवते ती करंगळीच्या पेराएवढी एक पिन.

बादल हा देवीलालचा मेहुणा, धाकट्या बहिणीचा, बसंतीचा नवरा. डोंगराच्या पलीकडच्या तांड्यातला. गाडीच्या दोन्ही अंगांना पत्र्याच्या दोन पेट्या बांधून तो गावोगाव टोस्ट आणि खारी विकायचा. खड्ड्यातून गाडी गेली की पेट्यांची झाकणं वाजायची, टक-टक, टक-टक, आणि पोरं भोंगा ऐकायच्या आधीच घराबाहेर यायची. हसरा माणूस. लग्नाच्या आधी थोडीफार प्यायचा, पण पोरगी झाली त्या दिवशी सेवालाल महाराजांची शपथ घेतली आणि बाटली सोडली ती कायमची. पोरीचं नाव ममता. नऊ वर्षं त्यानं दारूच्या दुकानाच्या बाजूचा रस्तासुद्धा धरला नाही. बसंतीला या गोष्टीचा सोन्याच्या दागिन्यापेक्षा जास्त अभिमान होता.

बादलच्या ब्रेकची पिन एकदा पडली, तेव्हा देवीलालनं तिच्या भोकात तार ओवून तिला तीन पीळ दिले. दोन-चार दिवसांपुरतं, म्हणाला. त्या दोन-चार दिवसांचे सहा महिने झाले. शेवटी बादललाच भीती वाटायला लागली. त्यानं पिनेच्या भोकाचं माप घेतलं. कागद म्हणून ममताच्या वहीतलं एक पान फाडलं. त्यावर सतराचा पाढा लिहिलेला, नववी ओळ चुकलेली, तिथं बाईंनी लाल गोल केलेला. त्याच पानाच्या मागं बादलनं पेन्सिलीनं पिनेचं चित्र काढलं आणि ते घेऊन तो उकंडाच्या दुकानात आला.

"मीच देल्ली त्याले पिन," उकंडा म्हणाला. डब्यातलं त्याचं बोट थांबलं होतं. "गंजू नये म्हनून ग्रीस लावली, त्याच कागदात गुंडाळली, आन् त्याच्या खिशात मह्या हातानं टाकली. म्हनलं, मी बसवून देऊ काय? तर म्हने, नाही काका, देवीलालभाऊले वाईट वाटन. त्यानं बांधलेलं त्यालेच सोडू द्या."

म्हणून बादल पिन घेऊन देवीलालच्या दारात गेला. देवीलाल फवारणीचा पंप उघडून बसला होता, भोवती चार माणसं कौतुक करत उभी.

"भाऊ, पिन आनली. टाकून द्या," बादल म्हणाला.

"काहून? तार तुटली काय?"

"नाही तुटली. पन उताराचं भेव वाटते."

त्यावर देवीलाल चार माणसांकडे पाहून हसला. "आयका! देवीलालच्या तारीचं भेव वाटते याले! पेट्या वाह्यतो टोस्टाच्या, आन् जीव हाये सशाचा. ये उद्या, टाकून देतो तुही पिन."

चार माणसं हसली. बादलही हसला, कारण तो हसराच होता. पुडी परत खिशात ठेवून तो फेरीला गेला. त्या संध्याकाळी डोंगरातल्या सात मोहाच्या उतारावर, मोहाची सात झाडं आहेत तिथं, दुसऱ्या वळणाला, त्याची गाडी सरळ गेली. वळलीच नाही. खाली नाल्यात दगडच दगड.

तिथं सगळ्यात आधी पोचला तो देवीलाल. त्यानं मेहुण्याआधी गाडी पाहिली, हे त्यानं पुढे स्वतःच कबूल केलं. रॉड लोंबत होता. तार तुटून पडली होती. मग त्यानं बादलच्या खिशात हात घातला, पुडी काढली आणि नाल्याच्या पाण्यात भिरकावली. लोक आले तोवर त्याचे हात मोकळे होते.

ठाण्यातून जमादार आला. म्हणाला, रोजचा रस्ता, रोजचा माणूस, वळणावर सरळ कसा गेला? पेट्या फुटल्या होत्या, टोस्ट दगडांवर विखुरलेले, सगळ्या नाल्यात वेलदोड्याचा आणि तुपाचा वास. आणि देवीलालच्या तोंडून निघून गेलं,

"वास येऊन राह्यला, साहेब. पेलेला दिसते."

झालं. पंचनाम्यात तेच उतरलं. मेहुणाच सांगतो म्हटल्यावर पुढं विचारायला कोण जातो? माणसाची नऊ वर्षं एका वाक्यात वाहून गेली.

बसंती म्हणत राहिली, ते पेत नव्हते, ते पेत नव्हते. सासरच्यांनी ऐकलं नाही. मग देवीलालनं तिला आणि ममताला स्वतःच्या घरी आणलं. पोरीला शिकवलं, बारावी केली. सणाला बहिणीला लुगडं, भाचीला कपडे, स्वतःच्या बायकोआधी. तांडा म्हणायचा, भाऊ असावा तर देवीलालसारखा. त्याची बायको बिजलीबाईसुद्धा म्हणायची, देवमाणूस आहे माझा. देवीलाल मान खाली घालून ऐकायचा आणि लोकांना तो विनय वाटायचा.

एक गोष्ट मात्र कोणाच्या लक्षात आली नाही. त्याच्या स्वतःच्या गाडीलाही पुढचा ब्रेक नव्हता आणि मागच्या ब्रेकला तारच होती. बादल गेल्यावरही त्यानं ती बदलली नाही. पिन टाकली असती तर तार चुकीची होती असं झालं असतं ना! फक्त सात मोहाचा उतार त्यानं सोडला. महागावकडे जायचं झालं तर तो आर्णीवरून फेरा घालून जायचा. अकरा वर्षं.

मग ममताला स्थळ आलं. महागावच्या अंगाचा तांडा, पोरगा सुनील, शिकलेला, ममताला पसंत. पोरीचा चेहरा आठ दिवस नुसता उजळलेला. पण सुनीलच्या आजोबांनी, लालसिंगांनी, निरोप पाठवला की पोरगी चांगली आहे, पण तिचा बाप पिऊन मेला असं ऐकतो. आमच्या घरात तीन पिढ्या कोणी थेंब घेतला नाही.

बसंतीनं भावासमोर पदर पसरला. "भाऊ, तुम्ही होते तिथी. तुम्ही जा. येवढंच सांगा का ते पेलेले नव्हते. तुमचा शबद कोनी नाही मोडनार."

ममता दाराआड उभी होती. नुसती मामाकडे पाहत होती.

तीन वर्षांमागची गोष्ट आहे ही. मार्गशीर्ष वद्य त्रयोदशी, बुधवार. देवीलाल दुपारी निघाला, आर्णीवरून फेरा घालून संध्याकाळी लालसिंगांच्या घरी पोचला. जेवण झालं, सुपारी झाली. मग म्हातारा सरळ मुद्द्यावर आला.

"देवीलालजी, मेलेल्या मानसाचं वाईट बोलू नाही. मले फक्त येक सांगा. तुम्ही जवळ गेल्ते. दारूचा वास येत होता का नव्हता?"

सोपा प्रश्न. 'नव्हता' म्हणायचं आणि घरी जायचं. पण देवीलालला त्याच्या मागचा दुसरा प्रश्न दिसत होता. नव्हता, तर मग गाडी कशी गेली? आणि नव्हता, तर जमादाराला येतो म्हणून सांगितलं कोणी?

"अकरा वर्षं झाले," तो म्हणाला. "आता काय आठवते…"

लालसिंग सुपारीचं ताट सरकवत उठला. "नसता आला तर आठवलं असतं," एवढंच म्हणाला.

सोयरीक तिथंच मोडली. सुनील दाराशी उभा होता, तो आत निघून गेला.

लालसिंगांच्या भिंतीवरच्या घड्याळात दहाला दहा कमी होते. राहा म्हणाले, देवीलाल राहिला नाही. कोणत्या तोंडानं राहणार? आर्णीचा फेरा घालायला पेट्रोल कमी होतं. त्यानं विचार केला, अकरा वर्षं झाली. उतार तो उतार. आणि गाडी सरळ वाटेला घातली.

वर टेकाडावर पोचला तेव्हा साडेदहा झाले असतील. त्रयोदशीचा चंद्र, पहाटेशिवाय उगवायचा नाही. दोन्हीकडे सागाची वाळलेली पानं. पुढं ते सात मोह आणि उतार.

त्यानं ठरवलं होतं की बटनाला हात लावायचा नाही. दुसऱ्या गिअरवर, इंजिन चालू ठेवून, हळूहळू उतरायचं. अंगठा त्यानं मुद्दाम मुठीत आवळून धरला.

पहिला मोह मागे पडला, आणि इंजिन बंद झालं.

दिवाही गेला.

अंगठा मुठीतच होता. त्यानं बटन चाचपलं. ते आत दाबलेलं होतं. नखानं ओढून पाहिलं. वर येईना. गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी चालू झाली नाही. वेगही कमी झाला नाही.

ब्रेकवर पाय दिला. ब्रेक लागत होता. थोडा. जिवात जीव आला. रस्ता फिकट राखाडी दिसत होता, तेवढ्यावर तो निघाला.

मग मागून आवाज आला.

चेनचा. नुसती चेन, इंजिन नाही. कोणीतरी गाडी बंद करून मागून उतरत होतं.

टक-टक.

देवीलालनं मागं पाहिलं नाही.

टक-टक… टक-टक.

पत्र्याची झाकणं. रिकाम्या पेट्यांची नाही, भरलेल्या पेट्यांची. दोन्हींचा आवाज वेगळा असतो, आणि त्याला तो फरक माहीत होता. पेट्या बांधून त्यानंच दिल्या होत्या.

आवाज जवळ आला. अगदी मागं. आणि थांबला.

मग त्याच्या गाडीची मागची बाजू दबली. माणूस बसल्यावर दबते तशी.

त्यानं ब्रेक दाबला. पूर्ण ताकदीनं.

टिंग…

काहीतरी बारीक तुटून रस्त्यावर पडलं. पायडली सैल झाली. पाय खाली गेला तो गेलाच.

पहिलं वळण कसं निघालं, त्याला कळलं नाही. पुढं दुसरं. त्याच्या पलीकडे नाला.

कानाला वारा. मानेवर मात्र ऊब. कोणाचा तरी श्वास. खांद्यावरून कोणी पुढं वाकलं होतं… तोंड त्याच्या तोंडाजवळ आणलं होतं…

"वास येते काय, देवीलालभाऊ?"

आवाज हसरा होता. नेहमीसारखाच.

देवीलालनं तोंड बाजूला वळवलं.

"घ्या ना. जवळून घ्या… वास येते काय?"

वळण समोर. पन्नास पावलं. चाळीस.

वास येत होता. वेलदोड्याचा… तुपाचा… ताज्या टोस्टाचा.

तीस.

"नाही!" देवीलाल ओरडला. "नाही येत… नव्हता येत… बादल, नव्हता रे…"

पायडलीनं ब्रेक धरला.

लोंबत असलेल्या, सुटलेल्या पायडलीनं. दगडासारखा घट्ट. मागचं चाक घासत गेलं, गाडी आडवी झाली आणि वळणाच्या कडेला थांबली. पुढचं चाक हवेत होतं. खाली पाण्याचा आवाज.

मागची सीट हलकी झाली.

देवीलाल गाडी ढकलत खाली आला आणि ढकलतच घरी गेला. नऊ किलोमीटर. चालू करून पाहायची त्याची छाती झाली नाही. तांड्यात पोचला तेव्हा पहाटेचा बारीक चंद्र वर आला होता. अंगणात गाडी लावली, कंदील आणला आणि वाकून पाहिलं. तार नव्हती. तिच्या जागी पिन होती. नवी, चकचकीत, दोन्ही पाय नीट फाकवून बसवलेली.

आता तुम्हाला वाटेल, असं झाल्यावर माणूस सुधारतो. दार वाजवून बहिणीला उठवतो, पाय धरतो. आपल्यालाही तेच वाटतं, कारण आपण त्या जागी नसतो. देवीलाल ओसरीवर बसून राहिला. उजाडलं. आणि उजेड पडला की माणसाला रात्रीचं खरं खोटं वाटायला लागतं.

बसंती चहा घेऊन आली. रात्रभर झोपली नव्हती ती. "काय म्हनले, भाऊ?"

देवीलालनं कप हातात घेतला. एक घोट घेतला. आणि म्हणाला, "पोराले आताच लग्न नाही करायचं म्हनते."

खोटं बोलायला त्याला पहिल्या वेळेपेक्षा कमी वेळ लागला.

बसंतीनं मान हलवली. तिला अशा उत्तरांची सवय होती. ममता अंगण झाडत होती, तिचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू झाला. झाडत झाडत ती गाडीपाशी गेली. तिथं खाली वाकली. चाकाजवळ पडलेली कागदाची घडी तिनं उचलली, उलगडली, आणि तशीच उभी राहिली.

"मामा," ती म्हणाली. "हे मह्यं अक्षर आहे."

देवीलालच्या हातातला कप कलंडला.

"सतराचा पाढा. बाईनं लाल गोल केल्ता, मी रडली होती. बानं हे पान फाडून नेलं, पिनीचं माप काढाले. हा पाहा मांगून." तिनं कागद उलटा केला. "बा गेला त्या दिवशी हा त्याच्या खिशात होता. सामान वापस भेटलं तवा त्याच्यात नव्हता. मायले मी इचारलं होतं." ती मामाकडे चालत आली. "मंग हा अकरा वर्षं कोनापाशी होता?"

उकंडा थांबला. शेकोटी विझत आली होती. कोणी लाकूड सरकवलं नाही.

"मंग?" धम्मरत्ननं हळूच विचारलं. "सांगतलं काय त्यानं?"

"तिले नाही. त्याची जीभच उचलली नाही. संध्याकाळी येऊन मले सांगतलं, ह्या बाजेवर बसून, लेकरावानी रडून राह्यलता. मी काय करू त्याच्या रडन्याचं?" म्हातारा शेकोटीत थुंकला. "दुसऱ्या दिवशी पोरगी आली. कागद घेऊन. मले इचारते, काका, पिन तुम्हीच देल्ली होती ना? मी म्हनलं, हो. मंग म्हने, बाच्या सामानात पिन नव्हती हे तुम्हाले दिसलं नाही काय? तुम्ही तं पंच होते."

पोरांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं.

"होतो. पंचनाम्यावर मही सही आहे. जमादारानं सामान वाचलं, कंगवा, महाराजाचा फोटो, चिल्लर. मले मालूम होतं का पुडी नाही. वास बी आला नव्हता मले. पन देवीलाल त्याचा मेव्हना, त्याच्या घरचं त्यानं पाहावं, म्हनून मी सही केली आन् दुकान उघडाले वापस आलो." त्यानं हातातला डबा बंद केला. "कागद माह्यासमोर ठेवला तिनं. म्हने, ठेवा, तुमच्याच दुकानातला माल आहे. आन् गेली. मायले घेऊन आर्णीले राह्यते आता, कपडे शिवते. लग्न नाही केलं. देवीलालच्या घरचं पानी घेत नाही दोघी. लालसिंगाकडं जाऊन मी सांगून आलो, उशिरा का होईना. तवरक त्याईनं दुसरी पोरगी पाह्यली होती. आन् पंचनाम्यात बादल अजूनबी पेलेलाच आहे. ते खोडाले कोनी गेलं नाही."

पिन सापडली होती. कधीची सापडली होती कोणास ठाऊक, मुठीतच होती त्याच्या. त्यानं कंदील जवळ ओढला, गुडघे टेकून राजदीपच्या गाडीत पिन बसवली, पकडीनं तिचे पाय फाकवले आणि पायडली तीनदा दाबून पाहिली.

"आता जा. उतारावर गाडी बंद करू नका."

राजदीपनं किक मारली नाही. तो घुटमळला. त्याचा अर्धा विश्वास होता आणि अर्धा नव्हता.

"काका, तो कागद… आहे काय?"

उकंडा आत गेला. बराच वेळ लागला त्याला. मग एक पिवळी पडलेली घडी घेऊन आला आणि कंदिलाच्या उजेडात धरली. सतराचा पाढा, नवव्या ओळीला लाल गोल. मागच्या बाजूला पेन्सिलीनं काढलेली पिन, आणि तिच्यावर ग्रीसचा गोल डाग. कागद नाल्यात पडलेला वाटत नव्हता. शाई कुठंच फुटली नव्हती.

"चौदा वर्षं झाले हे ग्रीस लावून," म्हातारा म्हणाला. "हात लावून पाहा."

राजदीपनं डागावर बोट टेकवलं.

बोट काळं झालं.